श्रमदानात मतिमंद बांधवांचा वाटा : एक धम्मविचार



दरवर्षी आपल्या संस्थेची स्मरणिका निघते. तिच्यात धम्मावर, परमपूज्य बाबासाहेबांच्या कार्यावर, शिक्षणावर लेख असतात आणि ते असलेच पाहिजेत. यावर्षी आम्ही थोडा वेगळा विषय आपल्यापुढे ठेवीत आहोत. वृक्षारोपण, तलावाची स्वच्छता, पाणी अडविणे अशा कामांसाठी आपण गावोगाव श्रमदान करतो. त्याच गावात, त्याच वस्तीत एखादा मतिमंद मुलगा किंवा मुलगी घराच्या ओट्यावर बसून हे सर्व पाहत असते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, असे आपल्या मनातही येत नाही. आमच्याही आले नव्हते. तो संबंध कोणता, धम्म त्याविषयी काय सांगतो आणि प्रत्यक्षात काय करता येते, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे. विद्यार्थ्यांना अभ्यासमंडळात वाचता यावा म्हणून लेखाची मांडणी धड्यासारखी केली आहे.

एका आईचे बोल

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर विहाराच्या मागील मोकळ्या जागेत झाडे लावण्याचे ठरले. आम्ही बँकेतले कारकून, आकडेमोडीची सवय असलेले. म्हणून नावनोंदणीची वही आमच्याकडे आली. चाळीस नावे झाली. ठरलेल्या दिवशी सकाळी एक आई आपल्या १९ वर्षांच्या मुलाला हाताशी धरून आली. मुलगा जन्मापासून मतिमंद. बोलणे अडखळत, पण प्रकृतीने धट्टाकट्टा. आई म्हणाली, "भाऊ, यालेबी काही काम सांगा. घरी बसून बसून कावून जाते."

आम्ही म्हणालो, "मावशी, त्याला सावलीत बसू द्या. काम झाल्यावर खिचडी आहे, दोघेही जेवून जा." आमच्या मनात दयाच होती, वाईट हेतू नव्हता. ती माउली थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "खिचडी त घरीबी हाय, भाऊ. याले मानसात घ्या म्हनून आनलं होतं."

त्या दिवशी मुलगा सावलीतच बसला. झाडे लागली, फोटो निघाला, खिचडी झाली. वहीत चाळीस नावे होती ती चाळीसच राहिली. परंतु "मानसात घ्या" हे शब्द मात्र आमच्या मनातून गेले नाहीत. ज्या समाजाला शतकानुशतके कोणी माणसात घेतले नाही, ज्याला पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, त्या समाजाच्या वहीतून आपलाच एक मुलगा सुटला होता आणि वही लिहिणारे आम्ही होतो.

मतिमंद कोणास म्हणावे?

पुढे जाण्यापूर्वी काही गोष्टी स्पष्ट करू. "मतिमंद" हा शब्द आपल्याकडे रूढ आहे. आता कायद्यात "बौद्धिक अक्षमता" असे म्हणतात व सरकारी भाषेत "दिव्यांग" हा शब्द आला आहे. शब्द कोणताही वापरा, तो शिवी म्हणून वापरू नका. "येडा" किंवा "खुळा" म्हणून हाक मारणे आपण आपल्या घरापासून बंद केले पाहिजे.

ज्याची समजण्याची, शिकण्याची व रोजचे व्यवहार सांभाळण्याची गती लहानपणापासूनच कमी असते, तो मतिमंद. यात सौम्य ते तीव्र असे प्रकार आहेत. सौम्य प्रकारातील मुले सवयीने पुष्कळ कामे शिकतात. वेड किंवा मनोरुग्णता ही वेगळी गोष्ट होय. ती चांगल्या बुद्धीच्या माणसासही होऊ शकते. अध्ययन अक्षमता ही आणखी वेगळी. त्यात मूल बुद्धीने चांगले असते, पण अक्षरे किंवा आकडे ओळखताना गोंधळते. २००७ सालच्या "तारे जमीन पर" या चित्रपटातील मुलगा या प्रकारचा होता. अशा मुलांना आपण "ढ" ठरवून शाळेतून काढतो, हा मोठाच अन्याय आहे.

मतिमंदत्वाची कारणे अनेक आहेत. बाळंतपणात बाळ गुदमरणे, लहानपणीचा मेंदूज्वर, गर्भारपणी आईला आयोडीन कमी पडणे ही त्यांपैकी काही. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. कित्येकदा कारण सापडतही नाही. मतिमंदत्व हा संसर्गजन्य रोग नव्हे, बाहेरची बाधा नव्हे आणि मागील जन्मीच्या पापाचे फळ तर मुळीच नव्हे. "बुद्ध आणि त्याचा धम्म" या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते हा विचार नाकारला आहे. तरीही अशा मुलाच्या आईला "तुझे भोग आहेत" म्हणणारे आपल्या वस्तीतही भेटतात. तिच्या दुःखावर हे मीठ चोळणे आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे १५ लाख मतिमंद होत्या. ही नोंदलेली संख्या आहे. घरच्यांनी लाजेने सांगितले नाही, ते या संख्येत नाहीत.

चूळपंथकाची कथा

आता धम्माकडे वळू. शिकण्यास मंद असलेल्या माणसाशी तथागतांनी कसे वागावे हे प्रत्यक्ष करून दाखविले आहे. ती कथा चूळपंथक स्थविरांची. ती धम्मपदाच्या व जातकाच्या अट्ठकथेत येते.

राजगृहातील एका श्रीमंत श्रेष्ठीची मुलगी घरातील दासाबरोबर निघून गेली. आजच्या भाषेत हा आंतरजातीय विवाहच म्हणावयाचा. तिला दोन मुले झाली, दोन्ही वाटेत. म्हणून एकाचे नाव महापंथक व दुसऱ्याचे चूळपंथक. पुढे मुले आजोबांकडे वाढली. महापंथक बुद्धिमान, तो भिक्खू झाला आणि अर्हत पदास पोहोचला. त्याने धाकट्या भावासही संघात आणले. परंतु चूळपंथकाला चार महिने घोकूनही चार चरणांची एक गाथा पाठ होईना. पुढचा चरण घ्यावा तर मागचा विसरावा.

महापंथकाकडे संघाच्या भोजनाची व्यवस्था होती. जीवक वैद्याने संघाला भोजनाचे निमंत्रण दिले, तेव्हा महापंथकाने आपल्या भावाला वगळून बाकीच्यांची नावे धरली आणि भावाला विहार सोडून जाण्यास सांगितले. चूळपंथक पहाटे निघाला. दाराशी तथागत उभे होते. त्यांनी विचारपूस केली, त्याला परत आणले, हातात एक स्वच्छ पांढरे फडके दिले आणि सूर्याकडे तोंड करून बसून ते चोळीत "मळ निघो" या अर्थाचा एकच शब्द म्हणत राहण्यास सांगितले. फडके हळूहळू मळले. चूळपंथकाच्या ध्यानात आले की, स्वच्छ वस्तू अशीच मळते. मनालाही लोभ, द्वेष आणि मोहाचा मळ असाच चढतो. जे चार महिन्यांच्या घोकंपट्टीने झाले नाही, ते हाताच्या कामाने झाले.

कथेचा पुढचा भाग आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. जीवकाकडे संघ भोजनास बसला. वाढप सुरू होताच तथागतांनी आपल्या भिक्षापात्रावर हात ठेवला. विहारात कोणी राहिले आहे काय, असे त्यांनी विचारले. महापंथक म्हणाला, कोणी नाही. तथागत म्हणाले, आहे. जीवकाने माणूस पाठवून चूळपंथकाला आणविले, आणि भोजनानंतर अनुमोदनाचे प्रवचन करण्याचा मान तथागतांनी त्यालाच दिला.

अट्ठकथेत या कथेला चमत्काराची व पूर्वजन्माची जोड आहे. ती आम्ही बाजूला ठेवतो. त्यावाचूनही कथेचा बोध स्पष्ट आहे. पहिला बोध असा की, एका पद्धतीने शिकता आले नाही म्हणजे शिकताच येत नाही असे नव्हे. दुसरा बोध असा की, एक माणूस मोजणीतून सुटला असताना बाकीच्यांनी जेवणे तथागतांना मान्य नव्हते. महापंथक दुष्ट नव्हता. तो अर्हत होता, व्यवस्थापक होता आणि त्याच्या हाती यादी होती. वगळण्याचे काम बहुधा अशाच सज्जन माणसांच्या हातून होते. आमच्या हातून झाले ते असेच.

उपयोगी नाही म्हणून?

येथे एक शंका येईल. चूळपंथक शेवटी ज्ञानी झाला. पण जो तसा होणार नाही त्याचे काय? ज्याला खुरपेही धरता येत नाही, त्याला माणसात घ्यावयाचे की नाही?

याचे उत्तर विनयपिटकातील महावग्गात आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होऊन आपल्याच घाणीत पडला होता. तथागत आनंदासह विहारात फिरत असता त्यांनी ते पाहिले. तुझी सेवा कोणी का करीत नाही, असे विचारता तो म्हणाला की, मी संघाच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून कोणी पाहत नाही. तथागतांनी स्वतः पाणी घातले, आनंदाने अंग धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर निजविले. नंतर त्यांनी संघाला एकत्र बोलावून सांगितले की, ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची करावी.

म्हणजे माणसाची किंमत त्याच्या उपयोगावर ठरत नाही. हा विचार सोडल्यास माणूस कोठे जातो, हे गेल्या शतकात जगाने पाहिले. हिटलरच्या जर्मनीत १९३९ पासून मतिमंद व मनोरुग्ण माणसांना निरुपयोगी ठरवून योजनापूर्वक मारण्यात आले. १९४१ च्या ऑगस्टपर्यंत मृतांची संख्या ७० हजारांवर गेली होती. त्याच काळात नाझींनी घेतलेल्या ऑस्ट्रियातून परागंदा झालेले डॉ. कार्ल कोनिग यांनी स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीन शहराजवळ १९४० साली कॅम्पहिल ही वसाहत उभी केली. तेथे मतिमंद मुले व त्यांचे सोबती एका छताखाली राहू लागले. पुढे अशा वसाहती अनेक देशांत निघाल्या. बागकाम व शेती हा त्यांच्या जीवनाचा भाग आहे. एकाच काळात माणसाने काढलेली ही दोन उत्तरे आहेत. धम्म कोणत्या बाजूस आहे हे सांगावयास नको.

तेव्हा आमचे म्हणणे असे की, मतिमंद माणसाला प्रथम माणूस म्हणून मोजावे आणि मग त्याला जमेल ते काम द्यावे. काम जमले तर मोजू, हा उलटा हिशेब झाला.

झाड आणि माणूस एकाच शिळेवर

संयुत्तनिकायातील वनरोप सुत्तात, जे बागा व वने लावतात, पूल बांधतात, पाणपोया व विहिरी करतात, त्यांचे पुण्य दिवसरात्र वाढत राहते अशा अर्थाचा उपदेश आहे. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात तर माणसांची व जनावरांची चिकित्सा, औषधी वनस्पतींची लागवड, रस्त्याकडेची झाडे आणि विहिरी यांचा उल्लेख एकाच लेखात एकत्र आला आहे. गिरनारच्या शिळेवर तो आजही आहे. दुबळ्या जीवाची काळजी आणि झाडापाण्याची काळजी हे अशोकाला दोन वेगळ्या खात्यांचे विषय वाटले नाहीत. आपण मात्र पर्यावरणाची एक समिती करतो, अपंग कल्याणाची दुसरी करतो आणि दोहोंची कधी भेट होऊ देत नाही.

वझ्झरची टेकडी

हे सर्व वाचून कोणी म्हणेल की, ग्रंथातील गोष्टी ठीक आहेत, प्रत्यक्षात असे कोठे झाले आहे काय? त्यासाठी फार लांब जावयास नको. आपल्याच अमरावती विभागात, अचलपूर तालुक्यात परतवाड्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी वझ्झर हे गाव आहे. तेथे शंकरबाबा पापळकर यांनी स्व. अंबादासपंत वैद्य मतिमंद, मूकबधिर, बेवारस बालगृह उभे केले. रेल्वे स्टेशनवर, बसस्टँडवर, कचरापेटीजवळ टाकून दिलेली मुले तेथे वाढली. बाबांनी या मुलांच्या नावापुढे वडील म्हणून स्वतःचे नाव लावले.

या मुलांनी टेकडीवरच्या खडकाळ जागेत हजारो झाडे लावली आणि जगविली. आपण सरकारी वृक्षारोपणात पाहतो की खड्डा तोच असतो, झाड दरवर्षी नवे येते. वझ्झरला झाड जगले याचे कारण आमच्या मते असे आहे. झाड लावणे हा एका दिवसाचा समारंभ. झाड जगविणे हे रोजचे, त्याच वेळी, तेच ते करण्याचे काम. हुशार माणसाला त्याचा कंटाळा येतो. ज्या मुलाला रोजची ठरलेली गोष्ट ठरल्याप्रमाणे झाली की बरे वाटते, त्याला तो येत नाही. आपण ज्याला उणीव म्हणतो, ती या कामात अडचण होत नाही.

शंकरबाबा हे गाडगेबाबांना मानणारे. गाडगेबाबांनी खराट्याने गावे झाडली आणि १९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली, हे आपण जाणतोच. शंकरबाबांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांची अनेक वर्षांची मागणी अशी की, बेवारस अपंग मुलांना १८ वर्षांनंतर बालगृहातून बाहेर काढू नये. १८ वर्षे पूर्ण झाली म्हणून मतिमंद मुलगा शहाणा होत नाही, आणि बाहेर त्याला घेणारेही कोणी नसते. ही मागणी आपणही उचलून धरली पाहिजे.

वझ्झरचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवावे. तेथे मुले एका संस्थेत एकत्र आहेत. आपल्याला करावयाचे आहे ते याच्या पुढचे : मूल आपल्या घरी, आपल्या गावी राहील आणि गावाच्या कामात गावाबरोबर असेल.

आपल्या जिल्ह्यातील संधी

बुलढाणा जिल्ह्यात श्रमदानाची परंपरा नवी नाही. पाणी फाउंडेशनच्या २०१८ च्या वॉटर कप स्पर्धेत मोताळा तालुक्यातील सिंदखेड गावाने राज्यात दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस विभागून मिळविले. त्याच वर्षी जिल्हा प्रशासन व भारतीय जैन संघटना यांनी यंत्रे लावून तलावांतील गाळ काढण्याची मोहीम घेतली. लोणारचे सरोवर २०२० साली रामसर यादीत आले आणि साऱ्या जगाचे लक्ष त्याकडे गेले. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागांतील खारपाणपट्ट्यात तर गोड्या पाण्याचा प्रत्येक थेंब मोलाचा आहे.

या कामांतील जड वाटा यंत्र करील किंवा तरुण करतील. परंतु मागे उरणारी कामे पुष्कळ असतात : रोपवाटिकेत पिशव्या भरणे, बीजगोळे करणे, आळ्यात पाणी घालणे, तण काढणे, प्लॅस्टिक वेचणे, शेळ्या हाकलणे, बांधासाठी हातोहात दगड देणे. ही कामे हलकी आहेत, पण ती न झाल्यास मोठे काम वाया जाते. येथे मतिमंद बांधवांचा वाटा आहे.

काम कसे द्यावे?

आमच्या आईचे बोल ऐकल्यावर पुढच्या पावसाळ्यात त्या मुलाचे नाव वहीत लिहिले. पहिला अनुभव चांगला आला नाही. आम्ही त्याला "गवत काढ" म्हणून सांगितले आणि निघून गेलो. त्याने गवताबरोबर करंजाची चार रोपेही उपटली. कोणीतरी ओरडले, तो घाबरला आणि आठ दिवस फिरकला नाही. चूक त्याची नव्हती. रोप कोणते आणि गवत कोणते हे त्याला कोणी हात धरून दाखविलेच नव्हते. चुकतमाकत जे शिकलो ते असे :

१) एका वेळी एकच काम द्यावे. "पाणी आण, घाल आणि बादली ठेव" या तीन गोष्टी आहेत. पहिली जमली की दुसरी.

२) तोंडाने सांगण्यापेक्षा करून दाखवावे. आपण करावे, मग दोघांनी मिळून करावे, मग त्याला करू द्यावे. घाई करू नये.

३) खूण ठेवावी. आम्ही प्रत्येक रोपाजवळ लाल रंग दिलेली काडी रोवली. काडीजवळचे उपटावयाचे नाही, एवढे त्याला दोन दिवसांत समजले. पाण्यासाठी एक ठराविक डबा ठेवला. एका रोपाला एक डबा. त्यापूर्वी तो एकाच झाडाला बादलीभर पाणी घालीत असे व रोप कुजत असे.

४) जोडीदार एकच असावा. रोज नवा माणूस आला की अशी मुले बावरतात. कॉलेजचा एखादा विद्यार्थी यासाठी उत्तम.

५) वेळ ठरलेली व थोडी असावी. अर्धा-पाऊण तास पुरे. मध्ये सावली, पाणी आणि विश्रांती हवी. आपल्याकडचे ऊन विसरू नये.

६) प्रकृतीची माहिती घरच्यांकडून आधी घ्यावी. काही मुलांना फिट येते. त्यांना विहीर, तलाव किंवा उंच बांधाच्या काठावर काम देऊ नये. औषधाच्या वेळा विचाराव्यात. फवारणीचे औषध व धारदार हत्यार दूर ठेवावे.

७) मुली व स्त्रियांसोबत विश्वासू स्त्री असलीच पाहिजे. त्यांना सांगता येत नाही याचा गैरफायदा घेणारे समाजात असतात.

८) नको म्हणण्याचा हक्क त्यालाही आहे. ज्या दिवशी त्याची इच्छा नसेल त्या दिवशी बळजबरी करू नये. तीव्र मतिमंदत्व असलेला कोणी नुसता येऊन सर्वांत बसला, तरी त्याचे नाव वहीत असावे.

९) फोटोसाठी त्याला पुढे करू नये आणि फोटोतून वगळूही नये. सर्वांबरोबर असेल तेथे असावा.

१०) श्रमदान सर्वांचे फुकट असेल तर त्याचेही फुकट. पण इतरांना मजुरी मिळत असेल तर त्यालाही मिळालीच पाहिजे. बिनपगारी मजूर मिळाला म्हणून कोणी त्याला राबवून घेत असेल, तर ती वेठबिगार होय. वेठबिगारीचा अर्थ आपल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नाही.

कायदा आणि कागदपत्रे

अशा मुलाच्या आईवडिलांच्या मनात एक भीती रात्रंदिवस असते : आमच्या मागे याचे कसे होईल? बँकेच्या खिडकीपलीकडे बसून हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकला आहे. मुलगा १८ वर्षांचा झाला की आईवडील कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत, हे पुष्कळांना खात्याचा व्यवहार अडल्यावर कळते. म्हणून काही माहिती देतो.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी व बहुविकलांगता असलेल्या १८ वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती असते. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. बौद्धिक अक्षमता व अध्ययन अक्षमता यांचा त्यात समावेश आहे. अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, असे त्या कायद्याचे कलम ५ सांगते. अपंगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र काढून घेणे, बँकेत खाते उघडणे आणि पालकत्वाचा अर्ज करणे, या कामांत सुशिक्षित सभासदांनी एकेका कुटुंबाला मदत केली तरी मोठे काम होईल.

परंतु कायदा पालक नेमून देईल, शेजारी नेमून देणार नाही. ज्या मुलाला गाव नावाने ओळखते, ज्याने लावलेले झाड गावाला माहीत आहे, तो आईच्या माघारी हरवला तर दहा माणसे शोधावयास निघतील. जो कधी ओट्यावरून खाली उतरलाच नाही, त्याला कोण शोधणार? श्रमदानात त्याला घेण्याचे खरे कारण आमच्या मते हेच आहे. झाडे तर आपण कशीही लावू. शेजारी मात्र असे एकत्र काम केल्याशिवाय तयार होत नाहीत.

समारोप

विहारामागची सर्व झाडे जगली असे आम्ही म्हणणार नाही. काही शेळ्यांनी खाल्ली, काही उन्हाने गेली. जी जगली त्यांना पाणी घालण्याचे काम तो मुलगा अजूनही करतो. त्याला अजून दहापर्यंत मोजता येत नाही, पण कोणत्या आळ्यात पाणी पडले नाही हे तो बरोबर दाखवितो. वस्तीतील पोरे पूर्वी त्याला चिडवीत. आता "झाडवाला दादा" म्हणतात. त्याची आई आम्हाला भेटते तेव्हा त्या खिचडीचा विषय काढीत नाही. आम्हीच काढतो आणि क्षमा मागतो.

पुढच्या बुद्ध पौर्णिमेला आपल्या शाखांनी श्रमदानाची वही उघडण्यापूर्वी एकच गोष्ट करावी, अशी आमची नम्र विनंती आहे. पात्रावर हात ठेवून विचारावे, विहारात कोणी राहिले आहे काय? आणि कोणी नाही असे उत्तर आले, तर एक फेरी वस्तीतून मारावी.

अभ्यासमंडळासाठी प्रश्न

१) महापंथकाने भावाला का वगळले? त्याचे कारण आजच्या आपल्या वागण्यात कोठे दिसते?

२) आजारी भिक्खूच्या प्रसंगातून माणसाच्या किमतीविषयी कोणता विचार मिळतो?

३) आपल्या वस्तीत शिकण्यास मंद असलेली किती माणसे आहेत? त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत काय?

४) आपल्या गावातील पर्यावरणाच्या एका कामाचे लहान लहान टप्पे पाडून लिहा. त्यांपैकी कोणता टप्पा कोणास देता येईल?

भवतु सब्ब मंगलं! जयभीम!